डॉक्टरांची पाठ आणि येळवशीची भज्जी

लातूरला निघालोय म्हटलं की सांगलीत लोक एकच विचारतात, "कुणाच्या मुलाला क्लास लावायचाय?" आम्हाला मूलबाळ नाही हे ज्यांना पक्कं ठाऊक आहे, त्यांनीसुद्धा विचारलं. मी खरं उत्तर दिलं असतं तर आमच्या गल्लीत आठवडाभर दुसरा विषय निघाला नसता. मी कामक्रीडा बघायला चालले होते. दगडातली, अर्थात.

त्याचं असं झालं. मी चित्रकार आहे, म्हणजे शाळेच्या पुस्तकांसाठी आंबा, बस, पोस्टमन आणि आज्ञाधारक मुलगा काढण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. मागच्या वर्षी एका प्रकाशकांनी कलेतल्या शृंगारावरच्या पुस्तकाची चित्रं माझ्याकडे सोपवली. मी फोटो समोर ठेवून जुन्या देवळांवरची युगुलं काढली आणि पाठवून दिली. त्यांचा फोन आला. "वैजयंतीबाई, रेषा सुंदर आहे. पण ही दोघं प्रेमात आहेत असं वाटत नाही हो. एसटीची वाट बघतायत असं वाटतं."

राग आला. मग चित्रं पुन्हा बघितली. खरंच सगळी थांब्यावर उभी होती.

चित्रकला शिक्षकांच्या आमच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर लातूरच्या शालनताई आहेत, शालन गायकवाड. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या देवणी बैलांची चित्रं टाकायच्या. असा बैल की मोबाइलच्या काचेवरून हात फिरवावासा वाटावा. मी त्यांना माझी रड ऐकवली. त्यांचं उत्तर आलं, "फोटोवरून काढू नका. हिकडं या. देगलूरकडची देवळं बघा, मग माझ्याकडं या. येळवशीचा सण पण हाय. आन् माझ्या चित्रांचं प्रदर्शन लागायलंय. बैलांचं न्हाई. दुसरंच हाय."

दुसरं काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

बरोबर धनंजय, माझा नवरा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, सज्जन, नीटनेटका माणूस. शृंगाराला तो "तो विषय" म्हणतो. "तो विषय" बघायला यायचं का, असं विचारल्यावर त्याने मफलर बॅगेत भरला, म्हणजे होकार.

नांदेड

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. माझी कंबर ते अजून सांगते आहे.

लॉजचा मॅनेजर हिमायतनगरचा होता. बोलायला उत्सुक. आमची आधारकार्डं उलटसुलट बघत त्याने विचारलं, "नवरा-बायकोच ना?"

"अठ्ठावीस वर्षं झाली," धनंजय म्हणाला, जणू शिक्षेची मुदत सांगतोय.

"तसं न्हाई साहेब, विचाराव लागतं. कायच्यासाठी येऊन राहिले?"

"देवदर्शन," धनंजय म्हणाला.

"मिथुनशिल्पं," मी म्हणाले.

मॅनेजरचा चेहरा उजळला. "मिथुन? माझी बी मिथुनच रास हाय!" आणि आमच्या राशी जुळल्यासारखा त्याने कोपऱ्यावरची हवेशीर खोली दिली. खोलीत दोन खाटा होत्या, मधे इतकं अंतर की एकमेकांना हाक मारावी लागावी.

दुपारी गुरुद्वाराच्या लंगरमध्ये जेवलो. आमच्याकडे पंगत म्हणजे आग्रहाची कुस्ती. नको म्हणायचं, वाढणाऱ्याने ऐकायचं नाही, मग पान टाकायचं. इथे कुणी आग्रह करत नाही. दोन्ही तळहात पुढे केले की पोळी हातात येते. हात नाही केले तर येत नाही. हवं असेल तर हात पुढे करावे लागतात, ही साधी गोष्ट. पण रात्री खाटांमधल्या त्या अंतराकडे बघत मी तिचा बराच विचार केला.

सकाळी गाडीवर खिचडी-खट्टा खाल्ला. पिवळीधमक खिचडी, वर चिंच-तिळाचं आंबट पाणी. धनंजयने पहिल्या घासाला डोळे मिटले, दुसऱ्याला उघडले आणि दुसरी प्लेट मागितली. इतक्या वर्षांत घरच्या खिचडीला असे डोळे मिटल्याचं मला आठवत नाही.

देगलूरच्या पुढचं एक गाव

गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या बायकांना तसा शब्द दिलाय.

काळ्या दगडाचं जुनं देऊळ, बाहेरच्या भिंतीवर देखण्या नायिका. कुणी आरसा बघतेय, कुणी पायातला काटा काढतेय, एकीचं वस्त्र माकड ओढतंय आणि ती फारसा विरोध करत नाहीये. देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष स्वतः सगळं दाखवायला आले. पांढरा कडक शर्ट, खिशाला पेन. ते प्रत्येक मूर्तीपाशी थांबत आणि नीट माहिती देत. असं करत करत आम्ही खालच्या पट्टीपाशी आलो. तिथे माझी युगुलं होती. लाजलज्जा गुंडाळून ठेवलेली, एकमेकांत गुंतलेली.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "आन् हा योगासनांचा विभाग."

देवळाच्या सावलीत ओट्यावर चार-पाच बायका कापसाच्या वाती वळत बसल्या होत्या. त्यांच्यातून फिस्स करून आवाज आला. सगळ्यांत वयस्कर होत्या त्या गंगव्वा. मान वर न करता त्या म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, रोज करता का मंग?"

अध्यक्षांना त्याच क्षणी पंचायतीत काम आठवलं.

ते गेल्यावर बायका सरसावून बसल्या. मी कागद काढला. धनंजय माझ्या डोक्यावर छत्री धरून उभा राहिला आणि समोरच्या लिंबाच्या झाडाचा बारकाईने अभ्यास करू लागला.

"दाजी," गंगव्वा म्हणाल्या, "तिकडं काय हाय? सगळं हिकडं हाय."

धनंजयचे कान लाल झाले. हसू सगळ्या ओट्यावर पसरलं. मग त्यांनी मला त्यांची एक रीत सांगितली, तीही गावाचं नाव न सांगायच्या अटीवर. नवी सून घरात आली की बायका तिला देवळात आणतात. देवाला नमस्कार झाला की म्हणायचं, ह्या खालच्या पट्टीत एक बाई गालात हसतेय, ती धुंडून काढ.

"सापडली की सासूनं तिला साडी घ्यायची," गंगव्वा म्हणाल्या.

"पण त्यात काय विशेष?"

"अवं, हसणारी धुंडायची तर पोरीला सगळ्या बघाव लागत्यात का न्हाई? एकेकीचं तोंड बघत बघत पोरगी फिरती. कुणी काही शिकवाव लागत न्हाई. शरम बी तिथंच झडती."

"तुम्हाला किती वेळ लागला होता?"

"मला?" त्यांनी वात दिव्यात ठेवली. "मला लगेच दिसली होती. पर मी सांगितलं न्हाई. सगळं बघून होऊ दिलं."

मीही धुंडली. ती कोपऱ्याला होती, नाक झिजलेलं. ती पुरुषाकडे बघतच नव्हती. त्याच्या पायाच्या अंगठ्यावर तिने आपला अंगठा दाबून धरला होता, आणि तेवढ्यावर ती हसत होती. मी ऊन सरेपर्यंत तिला काढत राहिले. अंगठा जमला, हसू जमलं, नाक मी माझ्या मनाने दिलं. संध्याकाळी बसमध्ये चित्र उघडून बघितलं. बरं होतं. पण दोघं एसटीतच बसली होती.

लातूर

उदगीरमार्गे लातूरला पोचलो. गावात शिरताना दोन्ही बाजूंना क्लासच्या पाट्या आणि त्यांवर यशस्वी मुलामुलींचे हजारो पासपोर्ट फोटो. इतके चेहरे आणि एकाचंही कुणाकडे लक्ष नाही.

शालनताईंचं दार डॉक्टरांनी उघडलं. यशवंत गायकवाड, जनावरांचे डॉक्टर. बरीच वर्षं देवणीला होते. उंच, काळेसावळे, पांढऱ्या मिश्या. अंगावर एक चादर गुंडाळलेली.

"या, या! बसा. मी जरा कपडे घालतो," असं म्हणून ते आत गेले.

मी धनंजयकडे बघितलं. तो दारावरची नावाची पाटी पुन्हा वाचत होता.

शालनताई हाताचा रंग पुसत बाहेर आल्या. बुटक्या, गोल, डोळ्यांत खट्याळ चमक. पाणी पण न विचारता म्हणाल्या, "आधी बघा. मग बोलू."

आतल्या खोलीत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली भिंतीला टेकून चित्रं उभी होती. सगळीकडे डॉक्टर. आंघोळीच्या दगडावर बसलेले डॉक्टर, पाठीवरून पाणी ओघळतंय. दुपारचे आडवे पडलेले डॉक्टर, पोट एका कुशीला कललेलं. खिडकीत उभं राहून पायाची नखं काढणारे डॉक्टर. कुठे टॉवेल होता, कुठे नव्हता. जिथे नव्हता तिथे शालनताईंनी काही लपवलं नव्हतं आणि काही फुगवलंही नव्हतं. सत्तरीतलं शरीर होतं ते, मांडीवरची कातडी सैल पडलेली. पण मानेपासून कंबरेपर्यंत उतरणारी पाठीची ती एक रेष! तिच्यावरून कुणाचा तरी हात रोज फिरत असणार, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

धनंजय अभ्यास करण्यासारखं झाड शोधत होता. खोलीत झाड नव्हतं.

"सुरुवात कशी झाली?" मी विचारलं.

"देवणीला असताना बैल काढायची मी. ह्यांनी बैल धरायचा, मी काढायचा. एकदा बैल काढता काढता ध्यानात आलं, मी बैल बघायलेच न्हाई. धरणाऱ्याला बघायले." त्या हसल्या. "आता वैजूताई, तुमी म्हणलाव ना, तुमची माणसं थांब्यावर उभी दिसतेत. मी सांगू का? चित्र काढायचं म्हणून मी ह्यांच्याकडं बघितलं न्हाई. बघावं वाटायलं, म्हणून चित्र निघालं."

डॉक्टर शर्ट घालून बाहेर आले होते. "चाळीस वर्षं जनावरं उभी करून तपासली," ते म्हणाले. "आता ही मला उभं करायली. हलू नका म्हणते. थंडीत. पंखा लावून. का तर म्हणं, केस हालायला पायजेत."

"छातीवरचे," शालनताईंनी खुलासा केला. धनंजयला खोकला आला.

निलंगा राईस खात होतो, तेव्हा फोन आला. ज्या सभागृहात प्रदर्शन लागणार होतं त्याचे मालक चित्रं बघून गेले होते आणि आता नाही म्हणत होते. शालनताईंनी फोन ठेवला आणि ताटातला भात बोटाने एका जागी गोळा करत राहिल्या. त्यांचा गोल चेहरा एकदम म्हाताऱ्या बाईचा झाला. दहा वर्षांचं काम होतं ते.

तेवढ्यात त्यांचा मुलगा अमोल आला. तो एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. त्याला बातमी आधीच कळली होती आणि त्याला हायसं वाटल्याचं लपत नव्हतं.

"बरं झालं आई. खरंच बरं झालं. माझ्यासमोर दोनशे पोरं बसतेत. त्यांच्यातल्या एकानं जरी फोटो काढून फिरवला तर? सरांचे वडील म्हणून?"

"तुझे वडील वाईट दिसायलेत का?" शालनताईंनी विचारलं.

"दिसायलेत, हेच वाईट हाय!"

डॉक्टर शांतपणे जेवत होते. हात धुऊन आले आणि म्हणाले, "येळवशीला आपल्या शेतात लावू. रेणापूरला. शंभर माणूस येतंय जेवायला. सभागृहात तेवढं पण आलं नसतं."

"बाबा, आत्या येणाराय!"

आत्या म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण, आक्का. ऐंशीच्या पुढच्या. डॉक्टर पाच वर्षांचे असताना आई गेली. आक्कांनीच त्यांना वाढवलं, मजुरी करून शिकवलं. या घरात आजवर आक्कांच्या शब्दाबाहेर काही झालेलं नव्हतं. लग्नातल्या एका फोटोत डॉक्टरांचा हात शालनताईंच्या खांद्यावर होता, तो आक्कांनी भिंतीवर लावू दिला नव्हता.

"आक्का नको म्हणल्या तर?" मी विचारलं.

शालनताईंनी ताट उचललं. "तर ही चित्रं माळ्यावर जातील, आन् मी बैल काढीन. त्या माउलीचं मन मोडून मी काही भिंतीला लावणार न्हाई. पर विचारल्याबिगर पण माळ्यावर टाकणार न्हाई."

रेणापूरजवळ, येळवशीच्या दिवशी

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. या भागाबाहेर हिचं नाव कुणाला ठाऊक नसतं आणि लातुरात त्या दिवशी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. सगळं गाव शेतात. शेजारच्या शेतांत कडब्याच्या कोपी, म्हणजे छोटी खोपटी, उभ्या होत्या, त्यात पूजा मांडलेल्या. गायकवाडांच्या शेतात कोप होती, पूजा नव्हती.

"आमच्यात पूजा न्हाई," डॉक्टर म्हणाले. "पर भज्जी सोडा असं आमाला कुणी सांगितलेलं न्हाई."

भज्जी म्हणजे आमची कांदाभजी नव्हे. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे, चिंच, बेसन, असंख्य पालेभाज्या असं सगळं एका पातेल्यात शिजवलेलं. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे आणि मडक्यातलं आंबट-तिखट आंबील. धनंजयने पुन्हा डोळे मिटले.

चित्रं बाभळीला, बाजेच्या पायांना, कडब्याच्या गंजीला लावली होती. पाहुणे जेवायला येत, पत्रावळ घेत आणि मग त्यांना डॉक्टर दिसत. एकदा ताटावर बसलेले, मग बाभळीवर टॉवेलशिवाय, मग पुन्हा ताटावर. पुरुष "रंग छान आहेत" म्हणून ज्वारीच्या पिकाची चौकशी करत. बायका जवळ जाऊन बघत, एकमेकींना कोपराने ढोसत आणि नंतर आपापल्या नवऱ्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघत. दोन-तीन नवऱ्यांनी शर्टाची वरची बटणं लावून घेतली.

मधेच वाऱ्याची झुळूक आली आणि आंघोळीचं चित्र उडालं. आम्ही धावेपर्यंत बांधापलीकडे गेलं. थोड्या वेळाने शेजारचा शेतकरी ते दोन्ही हातांत धरून आला, चेहरा अगदी गंभीर. "डॉक्टर, तुमी आमच्या हरभऱ्यात पडलाव."

सगळं शेत हसलं. अमोल नव्हता हसायला. तो आक्कांना आणायला गेला होता, आणि आता त्याची गाडी बांधाशी थांबली.

हसू विझलं. आक्का उतरल्या. पांढरं लुगडं, हातात काठी, पदर कपाळापर्यंत. अमोल त्यांना धरून थेट कोपीकडे नेत होता; पण आक्कांनी त्याचा हात सोडवला आणि बाभळीपाशी थांबल्या. मी शालनताईंच्या शेजारी उभी होते. त्यांनी माझं मनगट पकडलं ते इतकं घट्ट की बांगडी रुतली.

आक्का एकेका चित्रापाशी गेल्या. फार वेळ. आंघोळीचं चित्र आता गंजीला टेकवलं होतं, त्यापुढे त्या काठीवर दोन्ही हात ठेवून वाकल्या.

"येशा," त्यांनी हाक मारली. सत्तरीतले डॉक्टर लगबगीने पुढे झाले.

"वाळलास की रे."

"हाव आक्का."

"लहानपणी मी घासायची ही पाठ. इतकीशी व्हती." त्यांनी वीतभर अंतर दाखवलं. मग शालनताईंकडे वळल्या. "तू काढलीस?"

"हाव," शालनताईंनी माझं मनगट सोडलं. "तुमाला आवडलं न्हाई तर काढून ठेवते, आक्का."

"कशाला?" आक्का बाजेवर बसल्या. धाप टाकत राहिल्या. कुणी पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरलं. "माजा मालक मी वीस-बावीसची असताना गेला. त्याच्याआधी पण अंधारातच सगळं. त्यानं मला उजेडात कधी बघितलंच न्हाई. नंतर कुणी बघणार? मीच माज्याकडं बघितलं न्हाई." त्यांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "तुला म्हाताऱ्या बायांचं काढता येतं का गं शालन?"

शालनताईंना कळायला वेळ लागला. मला आधी कळलं.

"येतं," त्या म्हणाल्या.

"मंग काढ. आताच. हे ऊन हाय तवर." आक्कांनी काठी उगारली. "ये गड्यांनो! तिकडं तोंड करा! अमोल, तू पण. कुणी वळलं तर बघा!"

शेतातले सगळे पुरुष ज्वारीकडे तोंड करून रांगेत उभे राहिले. डॉक्टर, अमोल, हरभऱ्याचा शेतकरी, धनंजय. काहींच्या हातात पत्रावळी तशाच. आक्कांनी डोक्यावरचा पदर काढला. मग खांद्यावरचा. बारीक खांदे, त्यावर गोंदणाचे हिरवे ठिपके, ज्यांवर साठ वर्षांत ऊन पडलं नसावं. त्यांनी मान ताठ केली आणि समोर बघू लागल्या, जराही लाजल्या नाहीत. उलट आम्हालाच वाटलं, आपण नीट उभ्या आहोत ना?

शालनताई काढत होत्या. मीही कागद घेतला, कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप चालत होता. काय काढायचं याचा विचार नव्हता, फक्त त्या गोंदणावरून नजर हलवावीशी वाटत नव्हती. आज तो कागद माझ्या टेबलावर आहे. त्यातली बाई कशाचीही वाट बघत नाहीये.

बराच वेळ गेला. पुरुषांच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली.

"आक्का," डॉक्टर ज्वारीला उद्देशून म्हणाले, "भज्जी निवायली."

शालनताईंनी चित्र आक्कांच्या हातात दिलं. त्यांनी ते लांब धरलं, जवळ धरलं, पुन्हा लांब धरलं. तोंडात दात नव्हते. तरी त्या हसू लागल्या तेव्हा ते हसू थेट कानापर्यंत गेलं.

"वळावं का?" अमोलने विचारलं.

"थांब," आक्का म्हणाल्या. "माजं बघून व्हायचंय."